गॉब्लिनचा कंदील, मामांची नजर आणि "लय भारी"

सांगलीत रंगवलेली मिनिएचर (टेबलावरच्या खेळातलं छोटं पात्र, आम्ही नुसतं मिनी म्हणतो) कुणाला दाखवली की तीन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक "लय भारी", दोन "केवढा वेळ लागला गं ह्याला?" आणि तीन, ही बहुतेक घरातूनच येते, "ह्याचे पैसे मिळतात काय?" तिन्ही मायेनंच येतात, माझी तक्रार नाही, पण परत टेबलावर बसले की ह्यातलं काहीच हाताशी लागत नाही. कुठला रंग गडद करायचा, हात कुठं थांबवायचा, बघणाऱ्याचं लक्ष आधी चेहऱ्यावर जातंय का ढालीवर, असलं काही "लय भारी" मधून कळत नाही.

ज्यांना हे काय प्रकरण आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. डंजन्स अँड ड्रॅगन्स (हा खेळ १९७४ सालचा) किंवा वॉरहॅमर (१९८३) असल्या खेळांत टेबलावर जी पात्रं मांडतात, योद्धे, चेटकिणी, ऑर्क, गॉब्लिन वगैरे, ती प्लास्टिकची नाहीतर रेझिनची असतात आणि बहुतेक वेळा बिनरंगाची येतात, रंगवायची आपण. माणसाएवढं पात्र म्हणजे साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंच. त्यात पण डोकं आणि हात मुद्दाम जरा मोठे केलेले असतात, त्याला हिरोइक स्केल म्हणतात, नाहीतर टेबलाच्या पलीकडून चेहरा कळणारच नाही. तरीसुद्धा डोळा एक मिलिमीटरच्या आतच. आणि त्यात बुबुळ काढायचं.

तर माझा एक मावसभाऊ आहे, इंजिनिअरिंगला, विश्रामबागेत राहतो, त्याच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे त्यामुळे आमच्या ग्रुपला पात्रांचा कधी तुटवडा पडत नाही. (मावशीला त्या रेझिनचा वास सहन होत नाही, प्रिंटर गच्चीवरच्या खोलीत गेलाय, आणि तेच बरं, कच्चं रेझिन कातडीला लागू नये, ग्लोव्ह्ज घाल म्हणून मी सारखी ओरडत असते.) ह्यानं एक गॉब्लिन रंगवला, हातात कंदील धरलेला, पाठीवर पोतं, आणि रात्री उशिरा मला व्हॉट्सॅपवर फोटो टाकला. खाली फक्त एवढंच, "ताई कसाय?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं सांगा. "कसाय" विचारलं की "छान आहे" हेच येणार. मी त्याला उलट विचारलं, खेळायला रंगवलायस का कपाटात ठेवायला? कारण ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. खेळायच्या पात्राला टेबलटॉप म्हणतात, ते दोन-तीन फुटांवरून नीट दिसलं की झालं, बेसकोट (पहिला सपाट रंग), वरून एक वॉश (खाचांत बसणारा पातळ गडद रंग), दोन हायलाइट (उठावाच्या जागी उजळ रंग), बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, माती, संपलं. असले वीस गॉब्लिन रंगवायचे असतील तर प्रत्येकाच्या नखाला हायलाइट देत बसणाऱ्याचं लग्न होईल, पोरं होतील, गॉब्लिन संपणार नाहीत. डिस्प्लेचं पात्र मात्र लोक डोळ्याला लावून बघतात, तिथं नखं पण मोजली जातात. एकाच मिनीला एका हिशोबानं "झकास" आणि दुसऱ्या हिशोबानं "अजून अर्धं काम बाकी" म्हणता येतं आणि दोन्ही खरं असतं. त्यामुळे हे आधी कळल्याशिवाय मी आता तोंडच उघडत नाही.

तो म्हणाला, कपाटात ठेवायला. आणि मग थोड्या वेळानं, "कंदिलाचा उजेड पडल्यासारखा वाटतोय का बघ की, काहीतरी गंडलंय पण काय ते कळंना."

हा झाला प्रश्न! ह्यावर अर्धा तास बोलता येतं, आणि आम्ही बोललोच.

कंदिलाचा उजेड अंगावर पडलाय असं रंगवायचं ह्याला ओएसएल म्हणतात, ऑब्जेक्ट सोर्स लाइटिंग. ही गोष्ट सगळ्यांना करायची असते आणि बहुतेकांची एकाच जागी फसते. ह्यानं कंदिलाची काच गडद केशरी रंगवली होती आणि भोवती गॉब्लिनच्या हातावर, छातीवर, गालावर फिकट पिवळा मारला होता. पण उजेड जिथून येतो ती जागा सगळ्यात उजळ पाहिजे ना. ज्योतीपाशी जवळजवळ पांढरं, मग पिवळं, मग केशरी, आणि लांब जाईल तसा तो केशरीपण अंगाच्या मूळ रंगात विरत गेला पाहिजे. कंदिलापेक्षा गाल जास्त उजळ असेल तर बघणाऱ्याला वाटतं गालाला काहीतरी लागलंय.

दुसरं म्हणजे उजेड सरळ जातो, वळत नाही. कंदील जर पोटाच्या उंचीला धरलाय तर हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, भुवईच्या हाडाखाली उजेड पडणार, टकलावर पडणार नाही. ह्यानं टकलावर पण मारला होता, कारण टक्कल गुळगुळीत आहे आणि तिथं रंगवायला मजा येते. हे मी त्याला असं सांगितलं की कंदिलाच्या जागी डोळा लाव आणि गॉब्लिनकडं बघ, तुला तिथून जे दिसेल त्यावरच रंग मार, जे दिसत नाही ते अंधारात. हे त्याला एका सेकंदात कळलं. "प्रकाशाची दिशा सुधार" एवढंच म्हटलं असतं तर मान डोलावली असती आणि परत तेच केलं असतं.

आणि तिसरं, हे खरं मोठं. त्याचा गॉब्लिन एकूणच उजळ होता. मस्त हिरवा, सगळीकडून हायलाइट दिलेला, म्हणजे भर दुपारी उभा आहे गडी आणि हातात कंदील. दुपारी बाराला लावलेला कंदील कुणाला दिसतो? अंगावर अंधार असेल तरच उजेड दिसणार. म्हणजे उजेडाचा रंग वाढवायचा नाहीच आहे, बाकीचं उतरवायचं आहे. पाठ, पोतं, पायाची मागची बाजू, सगळ्यावर निळसर काळ्याचं ग्लेझ, म्हणजे खालचं दिसेल एवढा पातळ थर, दोन तीन वेळा, प्रत्येक थर वाळू देऊन. केशरीच्या विरुद्ध निळं असल्यामुळं उजेड आपोआप अजून गरम दिसतो, तो फुकटचा फायदा.

हे बरोबर का चूक ते बघायचा सोपा उपाय म्हणजे फोटो मोबाईलमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करायचा. रंग गेले की फक्त उजेड-अंधार राहतो. त्याच्या गॉब्लिनचा तसा फोटो केला तर सगळं एकसारखं करडं, कंदील कुठला, हात कुठला, पत्ता लागेना. मी काहीच बोलले नाही, नुसता तो फोटो परत पाठवला. त्याचा रिप्लाय आला, "आयला." बास, ह्यापेक्षा चांगला फीडबॅक मला टाइप करता आला नसता.

फोटोवरून आठवलं. फोटोवर मत देताना एक भानगड असते. तीन सेंटिमीटरचं पात्र मोबाईलवर बारा सेंटिमीटरचं होऊन दिसतं, म्हणजे चौपट, मग जी रेघ हातात घेतल्यावर कुणाला दिसलीच नसती ती रस्त्यावरच्या पट्ट्यासारखी दिसायला लागते. आणि उलटंही होतं, मागं पांढरा कागद ठेवला की कॅमेरा सगळं सांभाळायला जाऊन पात्रच काळवंडवतो, आणि मग लोक सांगतात "जरा उजळ कर", अरे उजळ आहे ते, फोटो गंडलाय. मागं करडा कागद ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, सकाळी खिडकीशेजारी काढा, आणि एक पुढून, एक मागून, एक बाजूनं असे द्या. एवढं न करता "प्लीज क्रिटिसाइज माय वर्क" लिहिणाऱ्यांचा मला जरा रागच येतो, समोरच्यानं अर्धा तास घालवावा आणि आपण खिडकीपर्यंत पण जायचं नाही म्हणजे काय. मत मागणाऱ्याला निम्म्याच्या वर काम असतं असं मी आता उघड म्हणते.

रविवारी तो मिनी घेऊन घरी आला, जुन्या मिठाईच्या बॉक्समध्ये स्पंज कापून बसवलेली. आईनं भडंग ठेवलं होतं समोर आणि हा भडंग खाल्लेल्या हातानं गॉब्लिन उचलायला लागला, तेव्हा मी जी ओरडले ती फीडबॅकची पद्धत बिद्धत सगळी विसरून ओरडले. वार्निश न मारलेल्या ॲक्रिलिकवर तेलकट बोटं लागली की कडांवरचा रंग आधी जातो, नाक, गुडघे, तलवारीची धार. मिनीला हात लावायचाच नसतो, औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर ब्लू-टॅकनं (काढता येणाऱ्या चिकट पुट्टीनं) चिकटवायची आणि बाटली धरायची. दुसऱ्याची मिनी बघताना तर बेसलाच धरा, आणि आधी विचारून.

हातात घेतल्यावर अजून बरंच दिसलं. पोत्यावर प्रिंटरच्या लेयरच्या रेघा होत्या (प्रिंटर थरावर थर रचतो, त्या थरांच्या), वॉश त्यात बसून त्या अजूनच उठल्या होत्या. पोत्याचा तपकिरी मला आवडला नाही. कातडी हिरवी असताना कान जांभळट का केलेत तेही कळलं नाही. आणि ह्यातलं मी त्या दिवशी काहीही बोलले नाही.

का, ते सांगते. लेयरच्या रेघा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारायच्या आधी घासायच्या असतात, आता वरून रंग चढल्यावर ते सांगून उपयोग काय, पुढच्या प्रिंटच्या वेळी सांगितलं, तेव्हा त्यानं लगेच प्रिंट तिरकी करून काढली आणि सँडपेपर पण घेतला. पोत्याचा तपकिरी ही माझी आवड, आणि जांभळे कान ही त्याची आवड, तिथं मत मागितलेलं नाही. आपल्याला आवडलं नाही आणि ते जमलं नाही ह्या दोन गोष्टी बोलताना फार सहज एकमेकांत मिसळतात. मी स्वतःला विचारते की हेच ज्याला जांभळे कान आवडतात अशा माणसानं बघितलं असतं तर त्याला काही खटकलं असतं का? कानाच्या कडेला रंग सांडून गालावर आलेला असेल तर ते त्याला पण खटकेल, तेवढं बोलायचं. आणि एका बैठकीत एखाद-दुसरीच गोष्ट. दहा सांगितल्या की माणूस दहाच्या दहा ऐकतो, घरी जातो आणि ब्रश धुवून ठेवून देतो.

आता उलट बाजू. माझ्या मिनीवर आत्तापर्यंत मिळालेलं सगळ्यात कामाचं मत ज्या माणसानं दिलं त्याला ऑर्क आणि एल्फ ह्यातला फरक माहीत नाही. आमच्या गावभागात गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारे एक मामा आहेत. श्रावणात त्यांच्याकडं नुसत्या मूर्तींच्या रांगा, आणि सगळं रंगकाम पोरं करतात पण डोळ्यांची आखणी मामाच करणार. मी शाडूची मूर्ती सांगायला गेले होते आणि पर्समध्ये माझी एक चेटकीण होती, म्हातारी, लाल झगा, हातातली काठी डावीकडं रोखलेली. दाखवली.

मामांनी चष्मा वर केला, हात लांब करून धरली, मग फिरवली. आधी "एवढ्या डोळ्यात आम्ही ठिपका पण नाय देत" म्हणून हसले. आणि मग म्हणाले, "पण ही बघतीय कुणाकडं?"

काठी डावीकडं, अंगाचा पीळ डावीकडं, आणि बुबुळं बरोबर मध्ये. म्हणजे बाई एकाला मारतीय आणि बघतीय फोटोग्राफरकडं. ह्या मिनीवर आमच्या ग्रुपमध्ये काठीवरच्या लाकडाच्या रेघांचं कौतुक झालं होतं, झग्याच्या घड्यांचं झालं होतं, नजरेबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मामांचा धंदाच नजरेचा. त्यांनी सांगितलं की घरातली मूर्ती पाटावर बसते, तिची नजर समोर, पण मंडळाची मोठी मूर्ती असली की माणूस खाली उभा असतो, मग नजर थोडी उतरवावी लागते, नाहीतर देव लोकांच्या डोक्यावरून बघतो.

ह्यानंतर मामांनी अजून एक सल्ला दिला. "चेहऱ्याला तेज नाय. गाल जरा गुलाबी कर, बाईमाणूस हाय." आता ती दोनशे वर्षांची चेटकीण, तिला गुलाबी गाल कुठून देऊ मी! पण घरी येऊन टेबललॅम्पखाली ठेवून बघितली तेव्हा मामा कशाला अडखळले ते दिसलं. लाल झगा एवढा भडक होता की डोळा तिथंच अडकत होता, चेहऱ्यापर्यंत जातच नव्हता. मामांनी बोट ठेवलं ती जागा अगदी बरोबर होती, औषध मात्र गणपतीचं होतं. मी गालाला हात लावला नाही, चेहऱ्याभोवतीचा झगा गडद केला, हुडाच्या आत गडद किरमिजी, खांद्यापाशी तपकिरी लालचे ग्लेझ, आणि चेहरा होता तसाच ठेवून एकदम पुढं आला. गॉब्लिनच्या कंदिलाला जो उपाय तोच इथं.

तेव्हापासून मी कुणाचंही मत ऐकताना दोन भाग करते, कुठं खटकलं आणि काय कर म्हणाले. पहिल्या भागात लोक फारसे चुकत नाहीत, आई सुद्धा नाही जी "हा काळा राक्षस" म्हणते सगळ्यांनाच. दुसऱ्या भागात रंगवणारे सोडले तर बाकीच्यांवर विसंबू नये, आणि रंगवणारे पण बऱ्याचदा स्वतःला जे येतं तेच औषध देतात, एअरब्रशवाला म्हणेल एअरब्रश घे, ज्याच्या हातात ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा) बसलाय तो म्हणेल ड्रायब्रश कर. महागडा कोलिन्स्की (प्राण्याच्या केसांचा) ब्रश घे असं सांगणारे तर हमखास भेटतात. ब्रशचं टोक नीट जुळत असेल तर डोळा साध्या ब्रशनं पण होतो हो. आधी खोबणी गडद, त्यात मळकट पांढरी आडवी रेघ (शुभ्र नको, शुभ्र घेतलं की पात्र दचकल्यासारखं दिसतं), मग उभी काळी रेघ, आणि जे बाहेर आलंय ते कातडीच्या रंगानं झाकायचं. बुबुळाचा गोल काढत बसायचं नाही. आणि नजर बाजूला वळवली तर उलट सोपं जातं.

मत ऐकताना तोंड बंद ठेवणं मला अजून अवघड जातं, "नाही ते मी मुद्दाम केलंय" जिभेवर येतंच. मुद्दाम केलेलं असतं पण कधी कधी, आणि तेव्हा सांगावंच, पण समोरच्याचं बोलून झाल्यावर. आधीच सांगितलं की तो बिचारा पुढं काही बोलतच नाही, "हां मग भारी आहे" म्हणतो आणि चहा पितो.

मावसभाऊ मध्ये एक नवीनच करायला लागला होता, त्याच्या मिनीच्या शेजारी परदेशातल्या एखाद्या नामी रंगाऱ्याच्या कामाचा फोटो जोडून पाठवायचा आणि विचारायचा "किती लांब आहे मी?" ते मी बंद करायला लावलं. वॉरहॅमर काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची गोल्डन डेमन नावाची स्पर्धा आहे, १९८७ पासूनची, सगळ्यात मोठ्या विजेत्याला खरीखुरी तलवार देतात, तिथं एकमेकांशी तुलना होणारच. पण फिगर रंगवणाऱ्यांच्या काही शोमध्ये ओपन सिस्टीम असते, म्हणजे शेजारच्या टेबलावर काय आहे ह्याच्याशी संबंध नाही, तुझं काम ठराविक पातळीला पोचलं की त्या पातळीचं मेडल तुला, मग सुवर्ण एकाला मिळो नाहीतर बाराजणांना. मत देताना मला ही दुसरी पद्धत पटते. त्याला मी म्हटलं दुसऱ्याचा नको, तुझाच आधीचा गॉब्लिन शेजारी ठेवून पाठव.

राहिला प्रश्न मत ऐकल्यावर जुनी मिनी दुरुस्त करायची का. माझ्या मते बहुतेक वेळा नाही, पुढची घ्यायची. दुरुस्तीच्या नादात थरावर थर चढतात आणि बारीक कोरीवकाम बुजून जातं, नाकाचं भजं होतं. नजर बदलता येते, ग्लेझनं अंधार वाढवता येतो, एवढं करावं. पावसाळ्यात वार्निशचा स्प्रे मारून वर पांढुरका थर आला असेल तर तो रंगकामाचा दोष धरू नका, आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतं ते, ग्लॉस वार्निशचा ब्रशनं एक हात दिला तर बऱ्याचदा परत येतं आणि मग कोरड्या दिवशी वरून मॅट. आणि बेसची कडा काळी करायची राहिली असेल तर ती मात्र आत्ताच्या आत्ता करा, पाच मिनिटांचं काम आहे, हिरवे-तपकिरी ओघळ आलेली कडा बघून मला मिनीचं बाकीचं काही दिसतच नाही. हे मी त्या मावसभावाला गेले तीन गॉब्लिन सांगतीये.